उवेच्या पोटात ईश्वर

ऊ मारायची ती दोन अंगठ्यांच्या नखांत धरून. दुपारी ओसरीवर बसून आजी माझ्या बहिणीच्या केसांतून फणी फिरवायची, पांढऱ्या फडक्यावर उवा पडायच्या आणि 'टच्' असा बारीकसा आवाज यायचा. तो आवाज नेमका कशाच्या फुटण्याचा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. उवेच्या आत काही असेल असे मनातही आले नव्हते. तिच्यात आपलेच रक्त असते, एवढीच माहिती पुरेशी वाटत होती.

एप्रिल १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅममधल्या एका एक्केचाळीस वर्षांच्या, हिवतापाने खंगलेल्या माणसाने पॅरिसमधल्या आपल्या मित्राला एक पत्र लिहिले. त्याने उवेची चिरफाड केली होती आणि आत काय काय सापडले याचा वृत्तान्त तो कळवत होता. पोट, आतडे, चेतातंतू आणि त्यांच्या गाठी, शरीरभर फांद्या पसरलेल्या श्वासनलिका, अंडाशय. ज्या जिवाचे नाव घेतानाही सभ्य माणसे नाक मुरडत, त्याच्या पोटात ईश्वराचे बोट दिसते, अशा अर्थाचे त्याने त्या पत्रात लिहिले. हा माणूस म्हणजे यान स्वामरडॅम, आणि त्याचा पॅरिसमधला मित्र म्हणजे मेल्शिसेदेक तेवनो.

या पुस्तकात स्वामरडॅमच्या तीन कीटकांचा परिचय आहे: ऊ, मधमाशी आणि मेफ्लाय ही एका संध्याकाळपुरती पंख लाभणारी माशी. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले. स्वामरडॅमचे नाव आमच्या क्रमिक पुस्तकांत एखाद्या ओळीत येई, तेही 'तांबड्या रक्तपेशी प्रथम पाहणारा' एवढ्या ओळखीपुरते. ती ओळख खोटी नाही, पण फार तोकडी आहे. त्याच्या लेखनाजवळ जावे तसे लक्षात येते की हा माणूस भिंगाखाली पाहताना एक प्रकारची उपासना करत होता, आणि त्या उपासनेमुळे त्याचे पाहणे सैल न होता अधिक काटेकोर झाले होते. या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेवढेच सांगायचे आहे, कारण ते समजले नाही तर पुढची तिन्ही प्रकरणे नुसती हाडे उरतील.

त्याचा जन्म १२ फेब्रुवारी १६३७ चा, ॲम्स्टरडॅमचा. वडील औषधविक्रेते होते आणि हौशी संग्राहक. जगभर फिरणाऱ्या डच जहाजांतून आलेले शंख, खनिजे, चिनी भांडी, वाळवलेले प्राणी यांनी घर भरलेले होते. त्या वस्तू पुसणे, मांडणे, त्यांची यादी करणे यात मुलाचे बालपण गेले. वडिलांना वाटे, मुलाने धर्मोपदेशक व्हावे. मुलगा १६६१ मध्ये लायडनला वैद्यक शिकायला गेला. निल्स स्टेनसन आणि रेनिये द ग्राफ हे तिथले त्याचे सहाध्यायी. पुढे या तिघांचीही नावे शरीरशास्त्राच्या इतिहासात कायमची राहिली. १६६७ मध्ये श्वसनावरच्या प्रबंधाला पदवी मिळाली, पण स्वामरडॅमने वैद्यकी जवळजवळ केलीच नाही. रोग्यांऐवजी तो माश्या, गोगलगायी, बेडूक आणि अळ्या तपासत राहिला. वडील चिडले, पैसे बंद करण्याच्या गोष्टी करू लागले. हा घरगुती झगडा शेवटपर्यंत मिटला नाही.

त्याच्या आधी कीटकांविषयी युरोपातल्या विद्वानांच्या तीन समजुती पक्क्या होत्या. त्यांची मुळे पार ॲरिस्टॉटलपर्यंत पोचत. एक, कीटकांना आतली शरीररचना अशी फारशी नसते. दोन, ते चिखल, कुजके मांस, घाम, दव यांतून आपोआप उपजतात. तीन, अळी मरते आणि तिच्या जागी फुलपाखरू हा सर्वस्वी नवा जीव जन्म घेतो. या तिसऱ्या समजुतीला धर्मोपदेशकांचे फार प्रेम होते. अळी म्हणजे देह, कोष म्हणजे थडगे, फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थान. इतका सोयीचा दृष्टान्त कोण सोडील?

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण हे सगळे आपल्याला परके नाही. जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज ही जीवांची चार योनींची वाटणी आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्यातल्या स्वेदजात ऊ पहिली. घामातून उपजलेली. भिंतीवर मातीचे घर बांधणारी कुंभारीण माशी एक अळी धरून आणते, घर लिंपून टाकते आणि काही दिवसांनी आतून दुसरी कुंभारीण बाहेर पडते, हेही आपल्या पूर्वजांनी बारकाईने पाहिले होते. त्यावरून भृंग-कीटक न्याय तयार झाला: अळी भिंगुरटीचा, म्हणजे याच कुंभारणीचा, ध्यास घेते आणि भिंगुरटीच होऊन जाते. आपल्या संतांनी भक्तीचे स्वरूप सांगायला हा दृष्टान्त किती प्रेमाने वापरला आहे! खरे म्हणजे त्या अळीला नांगी मारून लुळे केलेले असते. ती आत ठेवलेल्या अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाची शिदोरी असते. हे कळल्यावर मला संतांचा दृष्टान्त खोटा वाटला नाही. तो भक्तीविषयी आहे, माशीविषयी नाही. पण दृष्टान्त गोड असला की माणूस माशीकडे पुन्हा पाहायला जात नाही, हेही तितकेच खरे. सतराव्या शतकातल्या युरोपात नेमके हेच झाले होते.

मिडलबर्गचा चित्रकार यान खूदार्त अळ्या पाळून त्यांची रूपांतरे रंगवत असे. एकाच जातीच्या अळ्यांतून कधी फुलपाखरू निघे, तर कधी बारीक माश्यांचा घोळका. त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले: एका अळीतून दोन वेगळे जीव होऊ शकतात. स्वामरडॅमला हे पटणेच शक्य नव्हते, आणि का नव्हते ते नीट पाहिले पाहिजे. त्याचे कारण धार्मिक होते. त्याच्या डच सुधारित पंथाच्या १५६१ च्या श्रद्धापत्रकात म्हटले होते की देव दोन मार्गांनी कळतो, एक धर्मग्रंथ आणि दुसरा सृष्टी, जी एका सुंदर ग्रंथासारखी आहे. आता ग्रंथ म्हटला की त्याला व्याकरण आले. उवेला घाम पुरतो, माशीला कुजके मांस पुरते, अळीतून काहीही निघू शकते, असे मानले तर सृष्टीत योगायोगाला जागा मिळते. स्वामरडॅमच्या दृष्टीने योगायोग हा नास्तिकपणाचा मागचा दरवाजा होता. हत्ती जर नियमाने जन्मतो, तर ऊही नियमानेच जन्मली पाहिजे. तिलाही आईबाप असले पाहिजेत, आणि ते असतील तर तिच्या पोटात अंडाशय असलाच पाहिजे. मग उरते ते फक्त उघडून पाहणे.

श्रद्धेतून असा तपासून पाहता येणारा अंदाज निघावा, याचे मला अजून आश्चर्य वाटते. १८०२ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पेलीने घड्याळ आणि घड्याळजी यांचा प्रसिद्ध युक्तिवाद केला, तेव्हा तो रचनेवरून रचनाकाराकडे जात होता. स्वामरडॅमची दिशा उलटी आहे. रचनाकाराविषयी त्याला शंकाच नव्हती, म्हणून ते सिद्ध करण्यात त्याने वेळ घालवला नाही. रचनाकार निष्काळजी नाही एवढे धरून तो सुरी-चिमटा घेऊन कामाला लागला. मी वर्गात उत्क्रांती शिकवली आहे आणि आजही मला तीच पटते. तरीही पेलीपेक्षा स्वामरडॅम मला जवळचा वाटतो.

१६६८ मध्ये टस्कनीचा राजपुत्र कोझिमो दे मेदिची ॲम्स्टरडॅमला आला असताना स्वामरडॅमने त्याच्यासमोर एक प्रयोग केला. कोष करण्याच्या बेतात आलेली अळी घेतली आणि तिची त्वचा हळूच सोडवली. आत घडी घातलेले पंख, पाय, मिशा, सोंड असे अवयव मऊ, ओलसर अवस्थेत तयार होते. म्हणजे अळी मेली नव्हती आणि फुलपाखरू नव्याने जन्मले नव्हते. एकच जीव आत वाढत होता. असा प्रयोग करताना अळी आधी गरम पाण्यात बुडवायची, मग मद्यार्क आणि व्हिनेगरात ठेवायची, म्हणजे आतले अवयव घट्ट होतात आणि कातडे सुटून येते, ही कृती त्याने पुढे लिहूनही ठेवली. राजपुत्राने स्वामरडॅमच्या संग्रहासाठी बारा हजार गिल्डर देऊ केले. अट एकच: संग्रह घेऊन स्वतः फ्लॉरेन्सला यायचे. वडिलांकडून पैसे मागत जगणाऱ्या माणसाने नाही म्हटले. दरबारात राहणे त्याला मानवणारे नव्हते.

दुसऱ्याच वर्षी, १६६९ मध्ये, उट्रेख्टला त्याचे कीटकांवरचे पुस्तक डच भाषेत निघाले. त्यात त्याने कीटकांची वाटणी त्यांच्या वाढीच्या रीतीवरून चार वर्गांत केली. अंड्यातून निघतानाच आईसारखी दिसणारी ऊ एका वर्गात. हळूहळू पंख फुटणारे चतुर आणि नाकतोडे दुसऱ्यात. कोषात अवयव बाहेरून ओळखू येतात ती फुलपाखरे, मुंग्या, भुंगे तिसऱ्यात. अळीच्या वाळलेल्या कातड्याच्या आतच कोष होणाऱ्या माश्या चौथ्यात. आज आपण अपूर्ण आणि पूर्ण रूपांतर असे जे शिकवतो त्याचा सांगाडा इथे उभा राहिला. त्यात कोळी आणि गोगलगायीही आल्या आहेत, पण त्यावरून आज त्याला कमी लेखण्यात अर्थ नाही.

त्याच्या हत्यारांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. रॉबर्ट हुकचे 'मायक्रोग्राफिया' १६६५ मध्ये आले होते. त्यातली पिसू आणि ऊ यांची मोठी, घड्या घातलेली चित्रे पाहून सारा युरोप थक्क झाला होता. पण हुकची ऊ बाहेरून पाहिलेली आहे. स्वामरडॅम आत शिरला. गणिती योहानेस हुडे याने त्याला काचेच्या बारीक मण्यांची भिंगे करायला शिकवले होते. लायडनच्या म्यूसेनब्रूकने त्याला दोन हातांचे एक उपकरण करून दिले होते: एका हातावर वस्तू ठेवायची, दुसऱ्यावर भिंग, आणि दोन्ही हवे तसे वळवायचे. त्याच्या कात्र्या आणि सुऱ्या इतक्या बारीक असत की त्यांना धारही भिंगाखालीच लावावी लागे. केसासारख्या काचेच्या नळ्यांतून तो कीटकाच्या नलिकांत हवा फुंकायचा किंवा रंगीत द्रव भरायचा. आतली चरबी काढायला टर्पेंटाइनचे तेल वापरायचा.

आमच्या प्रयोगशाळेत मुले मेणाच्या ट्रेमध्ये, पाण्याखाली, झुरळ टाचण्यांनी टाचून उघडत. पांढरट चरबी चिमट्याने बाजूला सारली की एकदम चांदीच्या तारांसारख्या श्वासनलिका चमकायच्या. त्यांत हवा असते म्हणून त्या तशा दिसतात. दरवर्षी एखाद्या तरी मुलीच्या तोंडून 'अय्या, किती सुंदर!' असे निघे, आणि तिला लगेच झुरळाला सुंदर म्हटल्याची लाज वाटे. मला त्या क्षणी दरवेळी स्वामरडॅम आठवे. झुरळ बोटाएवढे तरी असते. ऊ जेमतेम तिळाएवढी.

उन्हाळ्यात तो पहाटे सहापासून दुपारी बारापर्यंत उघड्यावर, डोक्यावर टोपी न घालता बसायचा, कारण टोपीच्या सावलीने उजेड अडतो. घाम डोळ्यांत उतरायचा. दुपारनंतर डोळे काम देईनासे होत, म्हणून रात्री तो सकाळी पाहिलेले लिहून काढायचा. त्याचा चरित्रकार हेरमान बूरहावे सांगतो की मधमाश्यांचे काम संपले तेव्हा त्याची प्रकृती जी ढासळली ती पुन्हा पूर्वीसारखी झालीच नाही.

मधमाश्यांचे ते प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे. पोळ्यातल्या मोठ्या माशीला तोवर बहुतेक लोक राजा म्हणत. ती मादी आहे असे १६०९ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स बटलरने म्हटले होते, पण स्वामरडॅमने तिचे पोट उघडून भरगच्च अंडाशय काढून दाखवले. नर माश्यांची जननेंद्रिये काढली, कामकरी माश्यांत दोन्ही नाहीत असे नोंदवले, नांगीची विषाची पिशवी आणि तिचे दाते रेखाटले, संयुक्त डोळ्याचे थर एकेक करून सोलले. आणि इतके केल्यावर तो एका ठिकाणी चुकला. राणी आणि नर यांचा संयोग त्याला कधीच दिसला नाही, कारण तो उंच हवेत होतो. मग त्याने अंदाज केला की नरांच्या नुसत्या वासाने राणी फलित होत असावी. ही चूक मी पुस्तकात तशीच ठेवली आहे, टीप लिहून झाकलेली नाही. मधमाश्यांच्या बाबतीत डोळ्यांना जिथे पोचता आले नाही तिथेच तो घसरला.

दुसरी चूक मोठी आहे, आणि ती त्याच्या श्रद्धेच्याच मुळाशी आहे. अळीत फुलपाखरू आधीपासून असते, तर फुलपाखरातल्या अंड्यात पुढची अळी, आणि तिच्यात त्याच्या पुढची? नवे काहीच निर्माण होत नाही, सारे आरंभीच घडवलेले आहे आणि फक्त उलगडत जाते. या वाटेने जाता जाता त्याने सारी मानवजात पहिल्या आईबापांच्या ठायी आधीच होती असा विचार मांडला. त्यातून त्याला मूळ पापाचेही स्पष्टीकरण मिळाले. पुढे शंभर वर्षे या पूर्वरचनावादाने भ्रूणशास्त्राची वाट अडवली. १७५९ मध्ये कास्पार फ्रीडरिश वोल्फने कोंबडीच्या अंड्यात अवयव टप्प्याटप्प्याने घडताना दाखवले, तेव्हा ती गाठ सैल होऊ लागली. योगायोग नाकारण्याच्या ज्या हट्टाने उवेला आईबाप मिळवून दिले, त्याच हट्टाने हे घडवले. एकाचे श्रेय श्रद्धेला द्यायचे आणि दुसऱ्याचा दोष काळावर टाकायचा, असा सोयीचा हिशेब मला करवत नाही.

आता त्याच्या आयुष्यातला तो प्रसंग, ज्यामुळे त्याची गणना पुष्कळदा 'वेड्या' शास्त्रज्ञांत होते. १६७३ च्या सुमारास त्याला मनाची टोचणी असह्य झाली. मी निर्मात्याला पाहतो आहे की नुसत्या निर्मितीत रमलो आहे? हे कीर्तीसाठी तर नाही? द ग्राफशी मानवी अंडाशयाच्या शोधाच्या अग्रहक्कावरून त्याचे कडू भांडण झाले होते, आणि द ग्राफ १६७३ मध्ये वारला. अशा मनःस्थितीत त्याने अंत्वानेत बुरीन्यों या लील शहराच्या गूढवादी बाईशी पत्रव्यवहार सुरू केला. जगाच्या सगळ्या उद्योगांवर पाणी सोडून ईश्वराकडे वळा, असे ती सांगे. १६७५ मध्ये त्याने मेफ्लायवरचे पुस्तक छापले. त्यात शरीररचनेच्या पानांशेजारी प्रार्थना आणि पद्ये आहेत. रेशीमकिड्यावरचे लेखन त्याने नष्ट केले. चित्रे मात्र वाचली, ती त्याने इटलीत मार्चेल्लो मालपीगीला पाठवून दिली, कारण रेशीमकिड्याचे अंतरंग मालपीगीने १६६९ मध्येच प्रसिद्ध केले होते. मग तो बुरीन्योंच्या मंडळींत राहायला श्लेस्विगला गेला आणि १६७६ च्या जूनपर्यंत तिथे राहिला.

इथपर्यंत सांगून बरेच लोक थांबतात: धर्माने एक शास्त्रज्ञ गिळला. पण तारखा पाहा. तो परत आला. भिंगे पुन्हा काढली. उवेची चिरफाड आणि तेवनोला लिहिलेले ते पत्र १६७८ चे आहे, म्हणजे बुरीन्योंकडून परतल्यानंतरचे. त्याचे सर्वांत नाजूक काम या शेवटच्या वर्षांतले आहे. श्लेस्विगला जाण्याआधी त्याला वाटत होते की किडा आणि देव यांतले एक निवडावे लागेल. परतल्यावर ते तसे राहिले नाही. उवेच्या पत्रातला सूर पापाच्या भीतीचा नाही, आनंदाचा आहे. त्याचा निर्णय कसा झाला हे तो कुठे समजावून सांगत नाही. त्याने ऊ उघडली, एवढेच आपल्यासमोर आहे.

१७ फेब्रुवारी १६८० रोजी तो गेला, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर पाच दिवसांनी. हस्तलिखिते त्याने तेवनोच्या नावे केली होती. ती तिथून एका चित्रकाराकडे आणि मग शरीरशास्त्रज्ञ द्युव्हेर्नेकडे गेली. १७२७ मध्ये बूरहावेने ती विकत घेतली आणि १७३७-३८ मध्ये लायडनला दोन खंडांत डच आणि लॅटिनमध्ये छापली. नाव 'निसर्गाचे बायबल'. माणूस जाऊन सत्तावन्न वर्षे झाल्यावर त्याची मधमाशी, ऊ आणि बेडकाच्या स्नायूचा प्रयोग जगापुढे आला. तो प्रयोग मला फार आवडतो. बंद काचनळीत बेडकाचा स्नायू ठेवायचा, नळीच्या बारीक टोकात पाण्याचा थेंब, आणि चेतातंतू ओढून स्नायू आकुंचित करायचा. चेतातंतूंतून एखादा सूक्ष्म वायू वाहत येऊन स्नायू फुगतो, असे तेव्हाचे मत होते. ते खरे असते तर थेंब वर चढला असता. तो चढला नाही.

त्याचे अस्सल चित्र एकही नाही. जे चित्र पुस्तकांतून छापले जाते ते रेम्ब्रांटच्या शरीरविच्छेदनाच्या प्रसिद्ध चित्रातल्या दुसऱ्याच माणसावरून उचललेले आहे. म्हणून या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याचा चेहरा नाही, त्याने काढलेली मेफ्लायची अळी आहे.

भाषेविषयी एक शब्द. 'इन्सेक्ट'ला किडा म्हणावे की कीटक, यावर मी खूप अडलो. किडा म्हटले की किळस येते, कीटक म्हटले की परीक्षा आठवते. मेफ्लाय आणि मधमाशीच्या प्रकरणांत 'कीटक' ठेवला. उवेच्या प्रकरणात मात्र मुद्दाम 'किडा' वापरला आहे, कारण किळस येणाऱ्या जिवाविषयीच तो बोलत होता.

मेफ्लायचे प्रकरण शेवटी ठेवले आहे. नदीकाठच्या चिकणमातीत बोगदे करून ही अळी तीन वर्षे राहते. जूनच्या मध्यावर एका संध्याकाळी हजारोंनी पाण्यावर येते, कात टाकते, उडते, जोडी जमवते, अंडी पाण्यात सोडते आणि रात्र व्हायच्या आत मरते. पंख फुटल्यानंतर ती काहीच खात नाही. स्वामरडॅमने ज्या डच नद्यांवर तिला पाहिले तिथून ती आता नाहीशी झाली आहे. हंगेरीत तिसा नदीवर मात्र अजूनही जूनमध्ये ती येते, आणि तिथले लोक म्हणतात, तिसाला मोहर आला. स्वामरडॅमच्या चित्रात अळीच्या पाठीवर दोन लहान आवरणे दिसतील. त्यांत पंख आहेत.